हिंगणमाळच्या हौद्यातली माती

१

माती चोरीला गेली, असं फोनवर ऐकलं तेव्हा फौजदार क्रांतीला वाटलं, वाळूचं प्रकरण असणार. आमच्या भागात नदीला पाणी नसतं, पण वाळूला चोर असतात.

"वाळू न्हवं बाई," फोनवरचा म्हातारा म्हणाला. "कुस्तीची माती. हौद्यातली." आणि रडायला लागला. हा म्हातारा म्हणजे गुंडा, फौजेतला रिटायर हवालदार. लडाखच्या बर्फात पायाची बोटं ठेवून आला तेव्हासुद्धा रडला नसेल.

कवठे महांकाळ सोडून आटपाडीच्या अंगाला गेलं की माळ लागतो. बाभळी, कुसळ, मेंढरं, लांबवर पवनचक्क्या. त्या माळावर एक रेल्वे स्टेशन उभं आहे. रूळ नाहीत. विहीर आटली तरी काठावर मोटेचं चाक राहावं, तसं राहिलंय. काळ्या दगडाचा फलाट एवढा लांब, की या टोकाला मारलेली हाक त्या टोकाला कुजबुज होऊन पोचते. पुढच्या बाजूला गाडी लागायची. मागच्या बाजूला पायऱ्या उतरतात, नदीच्या घाटासारख्या रुंद, अर्धगोल. आणि तळाला कुस्तीचा हौदा. गाडीतनं उतरायचं, पाठ फिरवायची, बसायचं. समोर कुस्ती. क्रांती वरच्या पायरीवर उभी राहिली.

हे स्टेशन कुस्तीसाठीच बांधलेलं. संस्थानच्या राजाला नाद होता. पीकपाणी आवरलं, थंडी पडली की मैदान भरायचं, आणि मिरजेहून येणारी छोटी गाडी तेवढेच दिवस इथं थांबायची. बाकी वर्षभर स्टेशनला कुलूप. उतरणारा प्रत्येक पैलवान उपरण्याच्या गाठीत आपल्या तालमीची मूठभर माती आणायचा. ती हौद्यात टाकायची, मगच लंगोट कसायचा. साताऱ्याची, कराडची, खानापूरची, पलीकडं अथणीची. पिढ्यान् पिढ्या. जुने लोक म्हणायचे, हितं चितपट झालेला माणूस आपल्याच गावच्या मातीत पडतो.

छोटी गाडी बंद झाली, मोठी लाइन दुसऱ्याच अंगानं गेली, मैदान मोडलं. एक लियाकत वस्ताद तेवढा राहिला. तिकिटाच्या खोलीत बायकोसह राहायचा. कुस्ती नाही, पैलवान नाही, तरी माती उकरायचा, तिला तेल, ताक, हळद पाजायचा. असल्या माणसाला गाव आधी येडा म्हणतं, मग वस्ताद म्हणतं, आणि वेळ आली की चोर म्हणतं.

यंदा रथसप्तमीला मैदान पुन्हा भरायचं ठरलं होतं. आज पौषातली अवस. हप्ता उरला होता.

क्रांतीनं खाली बघितलं. हौदा रिकामा होता. नुसता रिकामा नव्हता, झाडून काढलेला होता.

२

सगळं गाव हौद्याच्या काठावर उभं होतं, आत कुणी उतरलेलं नव्हतं. क्रांतीनं बूट काढले, मोजे काढले आणि पाय आत टाकला. गर्दीत कुजबुज झाली. गुंडा पुढं आला.

"आवं बाई, हौद्यात बाईमाणूस उतरत न्हाई."

"मामा, माती कुठाय? मातीच न्हाई तर ह्यो हौदा कसला? नुसता खड्डा हाय."

क्रांतीचा बाप आटपाडीकडचा पैलवान होता. त्याच्या तालमीच्या भिंतीला एक भोक होतं आणि तिचं सगळं बालपण त्या भोकाला डोळा लावून गेलं होतं. आत जायला मिळालं नव्हतं.

तळाचा मुरूम टणक आणि गार होता. त्यावर खराट्याचे फटकारे उमटले होते, एकाशेजारी एक, अंगण झाडल्यासारखे. आणि बरोबर मधोमध लाल मातीची एक मूठ ठेवलेली. वर लिंबू, हळदकुंकू. पुरुष आत का उतरले नव्हते, ते आता कळलं. कुणीतरी करणी केली म्हणत होते. ज्यांच्या एका हाताला पाच-पाच किलोचं कडं, ते पैलवान लिंबाला भ्याले होते.

क्रांतीनं वाकून मातीचा वास घेतला. हळद, आंबूस ताक आणि काहीतरी जुनं, देवळाच्या गाभाऱ्यात असतं तसं. कडेला, खराट्यातून सुटलेला एक ठसा होता. अर्धाच. अनवाणी पायाचा.

हौद्याच्या भोवती ना ट्रॅक्टरचं चाक, ना डंपरचं. एवढी माती न्यायची तर दोन-तीन डंपर लागले असते. ती उडून गेल्यासारखी गेली होती.

वर आली तशी मैदान कमिटीचा अध्यक्ष वीरधवल पुढं झाला. पांढरे कपडे, गॉगल, पाठीमागं चार पोरं. म्हणाला, तपास कसला करताय, लियाकतनं माती विकली. सांगलीला एक जण बाटल्या भरून विकायला मागतच होता. गावानं ठरवलंय, दिवस मावळायच्या आत माती दाखव, नाहीतर स्टेशनातनं बिऱ्हाड उचल.

"त्याच्या घरात बाळंतीण हाय म्हणं," क्रांती म्हणाली.

"मग आमी काय करू?"

त्याच वेळी पायऱ्यांच्या वर एक म्हातारा येऊन थांबला. हातात कापडी पिशवी. त्यानं रिकाम्या हौद्याकडं बघितलं आणि होता तिथंच खाली बसला.

३

तो लियाकत. आदल्या दिवशी साताऱ्याकडच्या तालमींना मैदानाच्या आमंत्रणाचे नारळ द्यायला गेला होता, सकाळच्या एसटीनं परत आला होता. पिशवीत फडक्याच्या गाठी होत्या. प्रत्येक गाठीत त्या-त्या तालमीची माती. आता टाकायची कुठं? मांडीवर पिशवी धरून तो बसला होता, मेलेलं लेकरू धरल्यासारखा. क्रांतीनं काय-काय विचारलं. तो शेवटी एवढंच म्हणाला, की माती मिळाली नाही तर मला कुणी हाकलायची गरज नाही, मी आपणहून जातो. तोंड दाखवायला जागाच उरत नाही.

क्रांतीला खोटं बोलणारी माणसं रोज भेटत. या माणसाला खोटं बोलायला जमलंच नसतं. त्याच्या मनातलं आधी त्याच्या कपाळावर यायचं.

मग गुंडा. गावाला वाटत होतं, लियाकतचा वैरी कोण असेल तर हाच. शेवटच्या मैदानात दोघांची कुस्ती लागली होती. तासभर कुणी कुणाला ऐकेना. तेवढ्यात परतीच्या गाडीची शिट्टी झाली आणि पंच गाडी पकडायला पळाला. निकाल राहिला तो राहिलाच. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. क्रांतीनं विचारलं, त्यानं केलं असेल का?

"ढाक टाकंल, गुडघा मारंल, पंचाला शिव्या दील," गुंडा म्हणाला. "चोरी करणार न्हाई. त्यो जर चोर ठरला तर मी इतकी वरसं चोरासंगं कुस्ती खेळलो का काय?"

तिसरा ऋषिराज, सांगलीच्या विश्रामबागचा. जुन्या वस्तूंचा शौकीन. गेल्या साली याच स्टेशनची पितळी घंटा उचलून दिवाणखान्यात टांगलेली. शंभर वर्षांची माती छोट्या बाटल्यांत भरून विकायची त्याची कल्पना होती. पुण्यामुंबईचे लोक शोकेसला ठेवतील म्हणाला. क्रांतीनं त्याला फोन लावला. त्यानं माती गेल्याचं दुःख असं काही सांगितलं, की जणू त्याचा मालच बुडाला. पण गुंडानं आधीच सांगितलं होतं, की हा बाबा गेल्या आठवड्यात बुटासकट हौद्यात उतरला होता आणि लियाकतनं त्याला दंडाला धरून बाहेर काढला होता. दिवसाढवळ्या बुटासकट उतरणारा माणूस चोरी करताना पायताण काढत नाही. क्रांतीनं त्याचं नाव मनातनं खोडलं.

राहिला वीरधवल. माती गेलेली सगळ्यात आधी त्यानंच बघितली होती. अंधार पुरता फिटला नव्हता तेव्हा.

"एवढ्या थंडीत हितं कशाला आलतास?"

"व्यायामाला, म्याडम."

क्रांतीनं त्याच्या पोटाकडं बघितलं. मागं उभी असलेली त्याची पोरंसुद्धा दुसरीकडं तोंड करून हसली.

ती फलाटाच्या कडेनं गाडीवाटेकडं चालत गेली. वाटेवर, स्टेशनच्या बऱ्याच अलीकडं, मातीत रुंद चाकांच्या खुणा होत्या. जेसीबी. आलेला, थांबलेला, आणि हौद्यापर्यंत न जाताच माघारी वळलेला.

४

जेसीबी म्हणजे माती उचलायचं यंत्र. ते मातीपर्यंत गेलंच नाही. याचा अर्थ एकच निघत होता. कुणीतरी माती काढायला आलं, तर ती आधीच निघाली होती.

गावात जेसीबी एकच होता. क्रांतीनं जेसीबीवाल्याला फोन केला आणि जरा आवाज चढवला. तो लगेच बोलला. वीरधवलनं सांगितलं होतं, पहाटे ये, हौदा खाली कर, माती ओढ्यात टाक. तळाला काँक्रीट ओतायचं होतं, वर मॅट. मॅटशिवाय चॅनलवाले येत नव्हते आणि बाकीची कमिटी मातीच पाहिजे म्हणून अडून बसली होती. एकदा माती गेली की कमिटी काय करणार होती? झालं ते झालं म्हणाली असती. आपल्या गावात निम्मा कारभार या एका वाक्यावर चालतो.

म्हणजे वीरधवलच्या मनात पाप होतं, पण त्याच्या हाताला माती लागलेली नव्हती. त्याच्या आधी कोण आलं?

ऊन वर आलं तरी वारा बोचत होता. गुंडानं क्रांतीला चहाला घरी नेलं. वाटेत तो कुरकुरत होता, की आज घरात काय झालंय कळत नाही. सकाळी चहा मिळाला नाही. बायकोची मान धरलीय, बोलली तर वसकन अंगावर येतीय.

क्रांतीचं त्याच्या बोलण्याकडं अर्धंच लक्ष होतं. ती दारं बघत चालली होती. एका दारात एक म्हातारी केस मोकळे सोडून उन्हाला बसली होती. शेजारच्या दारात तिची सून, ओले केस पंच्यानं झटकत. पुढच्या घरी तेच. मुसलमानांच्या आळीत तेच, मांगवाड्यात तेच. चुलाण्याचा धूर अजून हटला नव्हता, एवढं पाणी तापलं होतं. सगळ्या गावच्या बायका आज डोक्यावरनं न्हाल्या होत्या. एवढ्या थंडीत, आणि अवसेच्या दिवशी, जेव्हा आमच्याकडं सवाष्ण केसाला पाणी लावत नाही.

गुंडा शेजारून चालत होता. त्याला त्यात काहीच दिसत नव्हतं. बाईनं केस धुतले, यात पुरुषानं काय बघायचं?

गुंडाची बायको मनुबाई. तिचेही केस ओले. दळण काढायला ती कणगीपाशी बसली होती. कणगी तळाला आली होती. तिनं हातानं ज्वारी गोळा केली, सुपात घेतली, आणि शेवटची मूठ परत तळाला सोडली.

"ती कशाला ठेवली, मावशी?" क्रांतीनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. तिची आईही तेच करायची.

"भरल्या जागंला पार रितं करू न्हाई, बाई. मूठभर ठेवावं. म्हंजी परत भरतंय."

क्रांतीनं हातातला कप खाली ठेवला. मनुबाईनं वर बघितलं, आणि तिला कळलं, की हिला कळलं.

५

क्रांती एकटीच स्टेशनवर परत आली.

फलाटाच्या या टोकाला तिकिटाची खोली. दारात दोरीवर बाळाचे लंगोट वाळत होते. खिडकीतनं शेक-शेगडीचा, ओव्याचा धूर येत होता, आणि आत तान्हं पोर कुरकुरत होतं. त्या टोकाला दुसरी मोठी खोली, दाराला गोधडीचा पडदा. सकाळी वीरधवलच्या पोरांनी सगळं स्टेशन धुंडाळलं होतं. मालगुदाम, इंजिनाच्या पाण्याची टाकी, तिकिटाची खोली. त्या पडद्यापाशी लियाकतची बायको अख्तरबी आडवी उभी राहिली होती, आत माझी लेक नूरीन हाय, बाळंतीण हाय म्हणून. आतून पोरही रडलं होतं. पोरं उंबऱ्यावरनं माघारी फिरली. बाळंतिणीच्या खोलीत आमच्याकडचा गुंडसुद्धा पाय टाकत नाही.

पण लंगोट इकडं, शेगडी इकडं, पोर इकडं. मग पडदा तिकडं कशाला?

पडद्याच्या वर दगडात अक्षरं कोरलेली होती, चुन्यानं बुजत आलेली. "स्त्रिया." बायकांची वेटिंग रूम. ज्या मैदानाकडं बायकांनी बघायचं नाही, त्या मैदानाच्या स्टेशनात बायकांसाठी खोली. असली अक्कल कारभाऱ्यांनाच सुचते. बांधल्यापासून ती कुणी वापरली नव्हती, म्हणून पुरुषांच्या हिशेबात ती नव्हतीच.

अख्तरबी दारात आली. बुटकी, वाळकी बाई. केस ओले.

"मला बाळ बघू द्या, चाची."

"बाळ तिकडं हाय," अख्तरबी हळू म्हणाली. आणि खोटं सरलं म्हणून तिचे खांदेच खाली आले. तिनं स्वतः पडदा बाजूला केला.

आत माती होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत, खिडकीच्या कट्ट्यापर्यंत चढलेली. वरच्या झरोक्यातनं उन्हाची तिरीप तिच्यावर पडली होती आणि तो लाल डोंगर आतून पेटल्यासारखा दिसत होता. वासानं खोली भरली होती. किती पैलवान, किती गावं, किती थंड्या त्यात निजल्या होत्या. क्रांतीनं नकळत हात जोडले. भिंतीच्या भोकातनं जे बघितलं होतं, ते आज उघड्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते तिच्या कल्पनेपेक्षा मोठं होतं.

अख्तरबी बोलू लागली. जेसीबीवाल्याच्या बायकोनं पाणवठ्यावर सांगितलं होतं, पहाटे माती ओढ्यात जाणार. लियाकत गावाला गेलेला. पुरुषांना सांगावं तर भांडणं होणार, भांडणात यंत्र थांबत नसतं. मग घराघरात निरोप गेला. रोजगार हमीवर रस्ते भरलेल्या बायका त्या. घमेलं, चुंबळ आणि मान, एवढंच लागतं. ओळ लावली आणि माती डोक्यावरनं वाहिली. न बोलता. गावात कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. सकाळी वीरधवलची पोरं धुंडाळायला आली तेवढा वेळ नूरीन बाळाला घेऊन पडद्याआड उंबऱ्याशी उभी राहिली.

"वस्तादांना का न्हाई सांगितलं?"

"त्येंच्या तोंडावर सगळं दिसतंय. आन बायका हौद्यात उतरल्या म्हटल्यावर…" ती थांबली. "त्येंच्यावरच नाव येईल, असं वाटलंच न्हवतं. ज्यानं जल्मभर माती मळली, त्येलाच चोर म्हणत्यात? दिवस मावळायला मी बोलणारच हुते. पर बोलले की त्यो यंत्र परत आणणार."

बाहेर सूर्य कलला होता. फलाटावर माणसं जमू लागली होती.

६

सगळं गाव पायऱ्यांवर बसलं. कितीतरी वर्षांनी त्या पायऱ्या भरल्या होत्या. लियाकतनं आपली वळकटी आधीच बांधून फलाटावर आणून ठेवली होती. क्रांती हौद्यात उभी राहून बोलली.

तिनं सांगितलं, की चोर अनवाणी होता, म्हणजे मातीला मान देणारा होता. चोर एकटा नव्हता, आणि त्याच्याकडं गाडी नव्हती. चोरानं जाताना जागा झाडली. पुरुषानं कुठं चोरी करून जागा झाडल्याचं कुणी ऐकलंय का? आणि चोरानं तळाला मूठभर माती ठेवली. तुम्ही तिला करणी म्हणालात. घरी जाऊन आपापल्या कणगीत बघा. आज सकाळपासून तुमच्या घरातली एकूण एक बाई अवसेला न्हाली. कुणी विचारलं का, का न्हालीस?

पायऱ्यांवर हालचाल झाली. एकेक पुरुष मान वळवून मागं बघायला लागला. मागं, फलाटावर, बायका उभ्या होत्या.

मग क्रांतीनं जेसीबीचं सांगितलं. वीरधवल उठून जायला लागला. त्याला कुणी अडवलं नाही. फक्त वाटेत बसलेल्यांतला एकही जण बाजूला सरकला नाही. तो परत खाली बसला.

"माती स्टेशनाच्या बाहेर गेलीच न्हाई," क्रांती म्हणाली. "त्यामुळं चोरी झाली न्हाई. गुन्हा करायचं ठरलं हुतं, त्यो ह्या बायकांनी हुकवला. आता माती परत हौद्यात येईल. पर ती ज्यांनी नेली त्याच आणतील. उजेडात. सगळ्यांच्या म्होरं."

बाईनं हौद्यात उतरायचं नाही, हे म्हणायला तोंड उघडणारे दोघं-चौघं होते. त्यांच्याआधी गुंडा उठला. त्यानं पायातले बूट काढले, पायरीवर ठेवले आणि हात अंगाला लावून सावधान उभा राहिला, परेडला राहतात तसा. त्याच्या शेजारच्यानं चपला काढल्या. मग पायरी-पायरीनं सगळ्यांनी.

गोधडीचा पडदा सरला आणि ओळ निघाली. पुढं मनुबाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात लाल माती. तिच्यामागं म्हाताऱ्या, सुना, कॉलेजला जाणाऱ्या पोरी. उतरत्या उन्हात ती ओळ फलाटाच्या कडेनं सरकत आली. जिथं एके काळी गाडी लागायची तिथनंच ती चालली होती, आणि गाडीपेक्षा लांब होती. एक-एक बाई पायऱ्या उतरायची, हौद्यात पाय टाकायची, माती ओतायची, दुसऱ्या बाजूनं चढायची. कुणी हलगी वाजवली नाही. घमेल्यातनं माती पडायचा आवाज तेवढा येत होता, आणि एवढ्या माणसांचा श्वास.

लियाकत काठावर उभा होता. पिशवीतल्या गाठी तो एकेक सोडत होता आणि पडणाऱ्या मातीत साताऱ्याची माती मिसळत होता. कधी कोण जाणे, गुंडा त्याच्या शेजारी आला आणि पिशवी धरून उभा राहिला. एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य बोलला, "गाठ घट हाय रं, दातानं सोड." लियाकतनं दातानं सोडली.

ओळीत सगळ्यात शेवटी अख्तरबी होती. शेवटचं घमेलं घेऊन ती काठाशी आली आणि थांबली. नवऱ्याकडं बघितलं. आयुष्यभर ती या हौद्यापासून चार हातांवर राहिली होती. माती मळताना त्याला ताक नेऊन द्यायची, ते काठावर ठेवून मागं सरायची.

लियाकतनं तिच्या पायांकडं बघितलं. वस्तादाची सवय. हौद्यात उतरणाऱ्या प्रत्येक पैलवानाला तो एकच गोष्ट विचारत आला होता.

"पायताण काढलंयस न्हवं?"

"रातीबी काढलं हुतं," अख्तरबी म्हणाली, आणि आत उतरली.